परत कोठें फिरावयाचें?
(महोत्सवानिमित्त खांदेश्वर येथें गायकवृंदापुढें केलेलें भाषण)



पूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणीं ऑर्गन वाजवीत असें. नांव सांगत नाहीं. तेथें एका नाताळीं मध्यरात्रीच्या मिस्सेंत अर्धे गायक गीताच्या आरंभाकडे वळले, अर्धे शेवटाकडे धांवले, आणि मी मध्येंच थांबलों. चूक माझी होती. पानाच्या तळाशीं लिहिलेलीं दोन अक्षरें मीं पाहिलींच नव्हतीं.

तीं अक्षरें म्हणजे ‘डी. सी.’, इटालियन भाषेंत ‘दा कापो’, अर्थात् मस्तकापासून. ‘डी. एस.’ म्हणजे ‘दाल सेन्यो’, खुणेपासून. ही खूण तिरकी रेघ मारलेल्या एस् अक्षरासारखी असून तिच्या दोन्ही अंगांस एकेक ठिपका असतो. ‘फीने’ म्हणजे समाप्ति. ‘कोडा’ म्हणजे शेपूट. वर्तुळावर क्रूस ही त्याची खूण. दुहेरी उभ्या रेघेजवळ दोन ठिपके दिसल्यास तेवढा भाग पुन्हां गावा. इतकें लहान मुलासहि समजतें. घोंटाळा होतो तो पुढें. दा कापोनें परतल्यावर मधल्या ठिपक्यांच्या आवृत्ति सामान्यतः पुन्हां घेत नाहींत, आणि कोडाची उडी परतल्यानंतरच मारावयाची. पनवेलहून फिरलेली गाडी पुन्हां खांदेश्वरावरूनच जाते. परंतु आपण कोणत्या दिशेस निघालों आहों हें उतारूस ठाऊक पाहिजे!

यांत कागद वांचतो खरा, पण लाभ तेवढाच नव्हे. १७४२ सालीं डब्लिनमध्यें प्रथम गायिलेल्या हॅन्डेलच्या ‘मसाया’मध्यें ख्रिस्ताच्या धिक्काराचें जें गीत आहे, तें मधला क्षुब्ध भाग संपतांच दा कापोनें आरंभाकडे वळतें. अक्षरें तींच, पण मधले फटके ऐकून आलेल्या कानांस तीं निराळीं लागतात.

आपल्या जुन्या लॅटिन पुस्तकांत ‘किरिये’पुढें रोमन तिनाचा आंकडा असे, म्हणजे तीन वेळां. अशा एकंदर नऊ हांका होत. १९७० च्या मिस्साग्रंथापासून त्या बहुधा सहा झाल्या. मराठी गीतपुस्तकांतील ‘॥धृ.॥’ हा तर आपला घरचा सेन्योच होय. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपींत समेची खूण आहे, खालीची आहे. अंतऱ्यानंतर अस्थाईवर यावें हें मात्र गवई जाणतोच.

समूहास तसें चालत नाहीं. गोव्याच्या पॅरिश-शाळांतून मेस्त्रींनीं मुलांस सोल्फेजो व व्हायोलिन शिकविलें, आणि तें ज्ञान पुढें मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत कामास आलें. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) अशाच चर्च-संगीतांत वाढले. प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. संगीतकार चाल गाऊन दाखवी, हीं माणसें ती कागदावर उतरवीत. मुखडा प्रत्येक अंतऱ्यानंतर परतणार. या खुणांवांचून वीस-तीस वादकांनीं एकत्र वळावें कसें?

आज आमच्यांत स्वरलेखन वाचणारे थोडेच उरले आहेत. बाकीचे त्यांच्या तोंडाकडे पाहून गातात, आणि वाचणारा आजारी पडला कीं सारेच अडतात. त्यांतून मोबाईलच्या पडद्यावर एकच पान दिसतें. सेन्यो मागल्या पानावर राहतो. छायाप्रत काढतांना कडेची ‘फीने’ कापली जाते. म्हणून महोत्सवाच्या मिस्सेचीं गीतें मीं कागदावर काढून परतीच्या जागा तांबड्या पेन्सिलीनें दाखविल्या आहेत. अर्पणगीताच्या शेवटीं कोडा आहे. पहिल्या खेपेस आल्टोंनीं तिकडे जाऊं नये.