आधी बादली, मग वाफा
(मंडळाच्या पौष महिन्यातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरच्या भाजीच्या बागेविषयी चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारिणीने आम्हांस आज्ञा केली. आम्ही कृषितज्ज्ञ नव्हे. फायलींत आयुष्य घालविलेला मनुष्य. परंतु चामराजपेटेत राहून बागेची आखणी न करणे शोभत नाही. कारण ही पेठच मुळी १८९२ साली आखून वसविलेली. त्या काळच्या घरांभोवतीची परसे आता बहुतांशी नाहीशी झाली. आपल्या वाट्यास आली आहे ती गच्ची, किंवा जिन्याखालची हातभर जागा. तेवढीही पुरते, मात्र वसंत दाराशी येण्यापूर्वी, म्हणजे याच दिवसांत, आखणी व्हावयास हवी.

आमची पहिली चूक प्रथम सांगतो. गावाहून येताना आम्ही मेथी आणि गवारीचे बी पुरचुंडीत बांधून आणले. बियांबरोबर गावची सवयही आली. गावी विहिरीवर मोट होती, पुढे पंप आला. पाणी मोजण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. होळीच्या सुमारास आम्ही सारी गच्ची मेथीने पेरली. मेथी चार बोटे वाढली आणि उन्हाच्या तडाख्याने फुलोऱ्यावर आली. शेजारच्या कानडी आजी कठड्यावरून पाहत होत्या. शिवरात्रीनंतर पालेभाजी सावलीत पेरावी, हे त्यांनी आम्हांस फार सौम्यपणे सांगितले.

दुसरा धडा मार्च २०२४ मध्ये मिळाला. शहरात पाण्याची तीव्र टंचाई झाली. पिण्याचे पाणी बागेस घालण्यास जलमंडळाने बंदी केली आणि ५,००० रुपये दंड ठरविला. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, कित्येक शे मीटर उंच चढवून येथे आणावे लागते. ते दोडक्याच्या वेलास घालताना हात अडखळलाच पाहिजे. त्या उन्हाळ्यात आमच्या अर्ध्या कुंड्या सुकल्या. उरलेल्या अर्ध्या जगल्या त्या तांदूळ आणि भाज्या धुतलेल्या पाण्यावर. तेव्हापासून आमचा नियम ठरला: आधी बादली, मग वाफा.

हिशेब सोपा आहे. कडक उन्हाळ्यात दहा चौरस फूट वाफ्यास दिवसाकाठी सुमारे पाच लिटर पाणी लागते. स्वयंपाकघरातून साबण आणि मीठ न मिसळलेले पाणी दिवसाला किती निघते, ते आठवडाभर बादलीत साठवून पाहावे. पंधरा लिटर निघाले तर तीस चौरस फूट बाग, अधिक नाही. मातीवर वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटे थर दिल्यास पाणी पुष्कळ वाचते.

यानंतर ऊन पाहावे. आज पौषात सूर्य दक्षिणेकडे आहे. शेजारच्या इमारतीची सावली आज जेथे पडते तेथे ती चैत्रात पडणार नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तर मध्यान्हीचा सूर्य बंगळूरच्या थेट माथ्यावर येतो. म्हणून दर पंधरवड्यास सकाळ, दुपार, संध्याकाळ सावलीची कड खडूने आखून ठेवावी. फळभाज्यांस निदान सहा तास ऊन हवे. पालेभाज्यांस चार तासही चालते.

येथील तांबडी माती वाळली की विटेसारखी घट्ट होते. तीत तितकेच कुजलेले खत आणि तितकाच काथ्याचा भुसा मिसळावा. पालेभाजीस वीतभर खोली पुरे. वांगी-टोमॅटोस हातभर द्यावी. आणि गच्चीची कीव करावी! एक घनमीटर ओली माती दीड टनाहून अधिक भरते. जड कुंड्या भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेवर ठेवाव्यात, स्लॅबच्या मध्यावर नव्हेत.

आता पंचांग. वांगी, मिरची आणि टोमॅटो यांची रोपे संक्रांतीच्या सुमारास टाकली म्हणजे महिन्याभराने लावणीस येतात. मेथी-कोथिंबीर आताच उरकावी. धणे रगडून दोन दळे करूनच पेरावेत. माघ उलटता भेंडी, गवार, चवळी, दोडका लावावा. माठ आणि मायाळू उन्हास भीत नाहीत. माठ एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने थोडाथोडा पेरावा. नाहीतर एका आठवड्यात घरच्यांस कंटाळा येईल इतका, आणि पुढे काहीच नाही! एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी हातभार लावतात. परंतु येथे सर्वांत मोठा पाऊस जूनमध्ये नव्हे, सप्टेंबरात पडतो. हेही गावच्या पंचांगात बसत नाही.

बियाण्याविषयी एकच सूचना. जवळच हेसरघट्ट येथे भारतीय उद्यान संशोधन संस्था आहे. शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगास तोंड देण्यासाठी तिने 'अर्का अनामिका' ही भेंडी काढली. तिचे बी घरी धरता येते. 'अर्का रक्षक' हा टोमॅटो उत्तम, पण संकरित. त्याचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. गावचे बी अवश्य आणावे, आम्ही अजूनही आणतो. मात्र बी गावचे असले तरी वेळ आणि पाणी येथले पाळावे लागते.

तसे पाहता भाज्यांना आपल्याइतका परकेपणा वाटत नाही. आपले पडवळ येथे पडवलकाई होते, मेथी मेंत्य होते. शेपूवर तर कानडी स्वयंपाकघराचा आपल्याहूनही जीव आहे. आमच्या घरातील मुलांस मराठी भाज्यांची नावे पुस्तकातून नव्हे, कुंडीवर चिकटविलेल्या चिठ्ठीतून कळली. एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस कानडी, असे त्यांनीच लिहून काढले.

शेवटी भगिनींस एक विनंती. संक्रांतीच्या हळदीकुंकवास यंदा प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून न देता माठाच्या किंवा भेंडीच्या बियांची एकेक पुडी द्यावी. तिळगुळाबरोबर एक पुडी शेजारच्या कानडी घरीही जावी. तिकडून एळ्ळु-बेल्ल येईलच. आमच्या शेजारच्या आजींसाठी पहिली पुडी आम्ही आजच बांधून ठेविली आहे.