सिंहगडाची वाट आणि गडावरची भाकरी

रविवारीं पहांटे, शहर अजून निजलेलें असतां, पुण्यांतून एक मोठा समुदाय नैर्ऋत्येकडे निघालेला असतो. खडकवासल्याचें पाणी उजवीकडे चमकूं लागतें, डोणजें गांव मागें पडतें आणि समोर सिंहगड उभा राहतो. शहरापासून अंतर सुमारे ३० किलोमीटर. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० फूट उंच. पुढें मार्ग दोन आहेत. मोटारीचा रस्ता घाटांतून थेट माथ्याजवळ नेतो. आतकरवाडीची पाऊलवाट मात्र घाम घेतल्यावांचून कोणासही वर जाऊं देत नाहीं. सवयीचा माणूस तासाभरांत पुणें दरवाजा गांठतो. नवख्यास दीड-दोन तास लागतात.

हे सारे लोक केवळ इतिहासासाठीं येतात असें म्हणणें खरें होणार नाहीं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं ज्या कोंढाण्यावर तानाजी मालुसरे यांनीं देह ठेवला, १७०० सालीं जेथें राजाराम महाराज निवर्तले, तेथें प्रत्येकाचा माथा नमतो हें खरेंच. परंतु नमस्कार करून उठलेल्या त्याच माणसास कडकडून भूक लागलेली असते, हेंही तितकेंच खरें. आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. १८१८ सालीं गड इंग्रजांच्या हातीं गेल्यानंतर पुण्यांतील गोरे अधिकारी उन्हाळ्यांत हवापालटासाठीं येथें येऊन राहूं लागले. पुढें लोकमान्य टिळकही विश्रांतीस येत. त्यांचा बंगला गडावर आहे. लढण्याची जागा विसाव्याची झाली, त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं.

या विसाव्याचें अन्न म्हणजे पिठलें-भाकरी. डोंगरावर न्यावयाचें तर याहून सोईचें अन्न सांपडणें कठीण. हरभऱ्याचें पीठ नेण्यास सोपें आणि टिकाऊ. वाटीभर पीठ पाण्यांत शिजलें कीं पातेलें भरतें. ज्वारीच्या पिठास गव्हाचा चिवटपणा नसतो, म्हणून तें ऊन पाण्यांत मळून, थापून लगेच तव्यावर टाकावें लागतें. तेव्हां भाकरी ताजीच पानांत पडते. सोबत कांदा, मिरचीचा ठेचा, वांग्याचें भरीत आणि पावसाळी दिवस असल्यास कांदाभजीं. शेवटीं मडक्यांतलें दहीं. मातीची सच्छिद्र भिंत दह्यांतलें पाणी शोषून घेते, म्हणून तें इतकें घट्ट लागतें. एरव्हीं घरीं हेंच ताट कोणी वाखाणीत नाहीं. चढण चढून आलेल्यास मात्र तें पक्वान्न वाटतें.

हें ताट वाढणारे हात कोणाचे, इकडे थोडें लक्ष द्यावयास हवें. गडाच्या पायथ्याभोंवतालच्या मुलुखास पूर्वीं घेरा म्हणत. ‘घेरा सिंहगड’ हें नांव अद्याप चालू आहे. घेऱ्यांतील लोकांकडे एके काळीं गडाच्या राखणीचें काम असे. त्याच वस्त्यांतल्या बाया वर्षानुवर्षें दह्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन ही वाट चढत आल्या. आतां पुष्कळसें सामान वाहनानें येतें, परंतु चुलीपुढें बसणारे हात तेच आहेत. शहरी माणसाची एका दिवसाची मौज ही या घरांची वर्षभराची मिळकत आहे.

गर्दी वाढली तसे पत्र्याचे आडोसे आणि पक्कीं बांधकामेंही वाढलीं. २०२५ सालीं शासनानें गडावरील अनधिकृत बांधकामें हटविलीं. गडाचें रूप राखावयाचें तर असा आवर आवश्यकच होता. परंतु भिंत पाडणें आणि चूल विझविणें हीं दोन भिन्न कामें आहेत. जें बांधकाम गडाच्या अंगावर चढतें तें जावें; जी पाटी सकाळीं वर येऊन सायंकाळीं खालीं उतरते, तिला जागा असावी. ज्यांच्या पूर्वजांनीं गड राखला, त्यांना गडाचे शत्रू ठरविण्यांत शहाणपण नाहीं.

आणि दोष मोजावयाचेच झाले तर पाहुण्याचाही मोजला पाहिजे. गडाचें पाणी कातळांत खोदलेल्या टाक्यांत सांठतें. देवटाक्याच्या पाण्यानें कित्येक पिढ्यांची तहान भागविली आहे. कठड्याखालीं आणि पाऊलवाटेच्या झुडपांत पडलेल्या बाटल्या व कागद पावसाबरोबर आपल्या पायांनीं आलेले नसतात. त्यांतील पुष्कळसे पुण्याहून खांद्यावरूनच आलेले असतात. सिंहगडावर जाणारानें शक्य तर पायीं जावें, चुलीपुढें बसून पोटभर जेवावें, सांगितलेला दाम घासाघीस न करितां द्यावा. उतरतांना आपली बाटली आपल्याच पिशवींत घालावी. वर नेतांना ती भरलेली होती. खालीं आणतांना हलकीच झालेली असते.