विरोध कोणासाठी?



विरोध करणे हा लोकशाहीतील हक्क आहे. परंतु त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहणे आपले कर्तव्य होय.

अमेरिकेचेच उदाहरण घ्या. 2008 च्या मंदीत तेथे दरमहा लाखो कामगार बेकार होऊ लागले. तेव्हा अध्यक्ष ओबामा यांनी सुमारे 787 अब्ज डॉलरांची योजना आणली. तीत शाळा, रस्ते व बेकारभत्ता यांसाठी पैसा होता, करसवलतीही होत्या. फेब्रुवारी 2009 मध्ये प्रतिनिधिगृहातील एकाही रिपब्लिकन सभासदाने तिला मत दिले नाही. सिनेटमध्ये अवघ्या तिघांनी दिले. कर्ज वाढेल, ही त्यांची भीती पोकळ नव्हती. आणखी करकपात करा, हा त्यांचा पर्याय होता. परंतु ज्याचे वेतनच बंद झाले, त्याला करकपात काय देणार?

साउथ कॅरोलायनाचे राज्यपाल सॅनफर्ड यांनी सुमारे 70 कोटी डॉलर कर्जफेडीवाचून घेण्याचे नाकारले. त्याच राज्यातील डिलन गावच्या शाळेचा काही भाग 1896 सालचा होता. छत गळे, आगगाडी गेली की शिकवणे थांबे. तेथील एका मुलीने काँग्रेसला पत्र लिहिले. विद्यार्थी न्यायालयात गेले आणि जून 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निधी मागण्याचा आदेश राज्यपालांना दिला.

तेव्हा, बंधू-भगिनींनो, कोणतीही योजना समोर आली की तिच्यावरचा पक्षाचा शिक्का पाहू नका. ती कोणाच्या चुलीपर्यंत व कोणाच्या शाळेपर्यंत पोहोचते, हे विचारा. आणि विरोधकालाही तोच प्रश्न विचारा.