'चारसोबीस' : कलमाचा झाला शब्द

गोड बोलून पैसे उसने न्यावयाचे आणि परत मागतांच तोंड चुकवावयाचें, असा एखादा गृहस्थ बहुतेक आळींत असतो. त्याच्याविषयीं घरांतील वडील माणसें एवढेंच सांगतात : "त्याच्या नादीं लागूं नका, पक्का चारसोबीस आहे तो!" संख्येचें असें विशेषण कसें झालें?

मराठीला आकड्यांचे वाक्प्रचार नवे नाहींत. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून वैर असलें कीं 'छत्तीसचा आकडा'. तेथें अर्थ आकृतींतून निघाला. 'चारसोबीस'चा मात्र कायद्याच्या पुस्तकांतून. मेकॉले यांच्या आयोगानें १८३७ सालीं मसुदा केलेली दंडसंहिता १८६० सालीं संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आली. लबाडीनें फसवून दुसऱ्यास मालमत्ता हवालीं करावयास लावणाऱ्याला तिच्या ४२० व्या कलमानें सात वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला. कोर्टकचेऱ्यांत गुन्हा कलमाच्या आकड्यानें ओळखला जातो. तोच आकडा बाजारांत आला आणि गुन्ह्यावरून गुन्हेगारास चिकटला. मराठी माणूस मोजतांना 'चारशें वीस' म्हणतो, नांवें ठेवतांना 'चारसोबीस'; शब्द हिंदुस्थानींतून आल्याची ही खूण होय. त्यावरून 'चारसोबीसी' हें भाववाचक नामहि झालें. १९५५ सालीं राज कपूर यांनीं 'श्री ४२०' हा चित्रपट काढला आणि शब्द पडद्यावरहि झळकला.

चोर न कळत नेतो. चारसोबीसाला आपण स्वतःच्या हातानें देतों. म्हणूनच फसलेला मनुष्य लाजतो, स्वतःसच दोष देतो आणि पुष्कळदां तक्रारहि करीत नाहीं. इकडे शब्द मात्र दिवसेंदिवस हलका झाला. खोडकर पोरालाहि आजी कौतुकानें 'चारसोबीस' म्हणते. पोराच्या बाबतींत तें शोभतें. परंतु एखाद्या विधवेची पुंजी बुडविणाऱ्यालाहि त्याच हंसऱ्या शब्दानें सोडून दिलें, तर गुन्ह्याची केवळ गंमत होते.

१ जुलै २०२४ पासून भारतांत जुन्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. फसवणूक आतां ३१८ व्या कलमांत आहे, आणि नव्या संहितेंत कलमेंच ३५८ असल्यानें ४२० वें कलम उरलेलेंच नाहीं. तरी शब्द जिभेवर आहे. तो खुशाल राहो. मात्र तो उच्चारून हंसतांना, ज्याचे पैसे गेले त्याला हंसूं येत नाहीं, एवढें ध्यानांत असावें.