नव्या वसाहतींतील मुले आणि वनप्रदेशाची ओळख



फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासितांचा जो ओघ भारतात सुरू झाला, तो १९६४ च्या जानेवारीतील दंगलींनंतर पुन्हा वाढला. त्यांतील पुष्कळ कुटुंबे रायपूरजवळच्या माना येथील छावणीत आली व तेथून निरनिराळ्या प्रदेशांत पाठविली गेली. काहींच्या वाट्यास त्या काळचा चांदा जिल्हा आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी या जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यातील चामोर्शी व मुलचेरा या तालुक्यांत आज सुंदरनगर, विवेकानंदपूर, कालीनगर अशा नावांची जी गावे दिसतात, ती या लोकांची होत.

ही माणसे नद्यांच्या मुखाकडील गाळाच्या भूमीतून आली होती. तेथे शेतात दगड सापडणे हेच नवल. शेजारच्या गावी जावयाचे तर होडी. येथे साग, ऐन आणि बांबूचे रान, चार महिन्यांत कोसळून जाणारा पाऊस आणि उन्हाळ्यात कोरडे पडणारे नाले. अशा ठिकाणी नवख्या माणसाने काय ओळखावे? त्याने प्रथम धान ओळखले. कोकणात ज्या पिकास भात म्हणतात, त्यास झाडीपट्टीत धान म्हणतात. शेतात धान आणि ताटात भात. बंगालीतही नेमके तसेच आहे. येथील रोवणीस बंगाली शेतकरी ‘रोआ’ म्हणतो. त्याच्या घराजवळचे ‘पुकुर’ म्हणजे आपली बोडीच, आणि त्यात मासे पाळण्याची विद्या तो बरोबर घेऊन आला होता. परंतु मोहफूल केव्हा वेचावे, तेंदूपान कसे खुडावे, कोणत्या वाटेने अस्वल उतरते, हे त्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते ज्ञान माडिया शेजाऱ्यापाशी होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. वसाहती बसल्या त्या ओसाड माळावर नव्हे, रान तोडून बसल्या. आणि ज्या रानावर आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जगत आला, त्याच्या मनात त्याबद्दल सल राहिला असेल तर तो अकारण नाही. निर्वासितही हौसेने आला नव्हता. शाळेच्या एकाच पट्टीवर ही दोन्ही घरांची मुले बसतात. शिक्षकाने एकाची बाजू घेऊन दुसऱ्यास ‘बाहेरचा’ किंवा ‘जंगली’ म्हटले, की सबंध वर्गाचे नुकसान होते.

आता भाषेकडे वळू. बंगाली मूल ‘माझा बहीण आला’ असे म्हणते, तेव्हा वर्ग हसतो आणि पुष्कळदा गुरुजीही हसतात. वस्तुतः बंगालीत नामास व्याकरणिक लिंग नाही, क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलत नाही. तेव्हा ही चूक मंदबुद्धीची नसून मातृभाषेच्या वळणाची आहे. ‘वन’ ऐवजी ‘बोन’ आणि ‘सागर’ ऐवजी ‘शागोर’ हे उच्चारही त्याच वळणाचे. माडिया मुलाच्या बोलीत पुरुष एका वर्गात, तर स्त्रिया, जनावरे व वस्तू दुसऱ्या वर्गात पडतात. त्याची चूक निराळी, परंतु कारण तेच. हे कारण ठाऊक असलेला शिक्षक वही लाल शाईने रंगविण्याऐवजी दहा मिनिटे तोंडी सराव घेईल. (परीक्षा जवळ आली की हा धीर सुटतो, हेही खरे.)

परिसर-अभ्यासाच्या तासाला याहून सोपा मार्ग आहे. मुलांना शाळेमागच्या रानात न्यावे व एकेका झाडाचे नाव प्रत्येकाच्या बोलीत विचारावे. बंगाली मुलाचे ‘पोलाश’ म्हणजे आपला पळस, ‘शिमुल’ म्हणजे सावर, ‘जाम’ म्हणजे जांभूळ. माडिया मुलापाशी नावे तर असतातच, त्यांखेरीज झाडाचा उपयोग आणि हंगामही असतो. आंब्यासारखे नवे फळ पंडुम झाल्याखेरीज तोंडात घालावयाचे नाही, हा त्याच्या घरचा नियम तोच वर्गास सांगू शकेल. त्या तासापुरता शिक्षक तोच. एरवी मागच्या ओळीत गप्प बसणारा मुलगा त्या दिवशी पुढे येऊन बोलतो.

निबंधाच्या वहीतही अशीच गंमत दडलेली असते. ‘मी पाहिलेली जत्रा’ हा विषय दिला, की मराठी मूल महाशिवरात्रीच्या मार्कंड्याविषयी लिहिते: वैनगंगेचे पात्र, दगडी देवळे, खेळण्यांची दुकाने. बंगाली मुलाने त्याच विषयावर रात्रभर चाललेल्या नाटकाचे वर्णन लिहिले, तर विषय चुकला म्हणून गुण कापू नयेत. बंगालीत ‘जात्रा’ म्हणजे गावोगाव होणारे लोकनाट्य. दिवाळीनंतर झाडीपट्टीतही नाटकांचा हंगाम सुरू होतो व मंडपात गाव रात्रभर जागते. दोन्ही निबंध वर्गात मोठ्याने वाचून घ्यावेत. आणि माडिया मुलास त्याच्या गावी रात्रभर चालणाऱ्या नाचाविषयी विचारावे. त्यास लिहिता येत नसेल, तर त्याने सांगावे आणि शेजारच्या बंगाली मुलाने ते मराठीत लिहून घ्यावे.