शिट्टी शेवटीच का वाजली?



कुटुंब समुपदेशनाचं काम करणारी मी आज बास्केटबॉलवर बोलणार, याचं काहींना नवल वाटेल. कॉलेजात लागलेलं हे वेड अजून सुटलेलं नाही. शिवाय एका सामन्याने मला माझ्याच कामाकडे पुन्हा बघायला लावलं.

५ एप्रिल २०२४. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात महिलांच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेचा उपांत्य सामना होता, आयोवा विरुद्ध कनेक्टिकट. आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ. मी कनेक्टिकटच्या बाजूची. मध्यंतराला आम्ही ३२-२६ ने पुढे होतो. शेवटी आयोवा ७०-६९ ने पुढे आणि चेंडू कनेक्टिकटकडे! पेज ब्यूकर्सला मोकळी वाट मिळावी म्हणून आलिया एडवर्ड्स आयोवाच्या गॅबी मार्शलच्या वाटेत उभी राहिली. याला स्क्रीन म्हणतात. स्क्रीन करणारीने स्थिर उभं राहायचं असतं. ती सरकली किंवा तिने अंग बाहेर काढून अडवलं, तर फाऊल. ३.९ सेकंद उरले असताना शिट्टी वाजली. चेंडू आयोवाकडे गेला आणि सामना ७१-६९ असा संपला.

मी घरात एकटीच ओरडले, "अन्याय! सगळा सामना हे चालवून घेतलं, मग आत्ताच का?" कनेक्टिकटचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांचाही सूर असाच होता, की असा फाऊल प्रत्येक चढाईत देता येईल.

नंतर ते दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिलं. एडवर्ड्स हललेली दिसते. म्हणजे फाऊल होता. मग मला राग कशाचा होता?

"आत्ताच का?" हा प्रश्न मी रोज ऐकते. बारा-पंधरा वर्षं मार खाल्लेली बाई तक्रार करायला येते, तेव्हा सासरचे, शेजारचे, कधी तिचे आईवडीलसुद्धा हेच विचारतात: "इतकी वर्षं चालवून घेतलंस, मग आजच काय झालं?" मी त्यांना सांगते, उशिरा बोलली म्हणून तिचं म्हणणं खोटं ठरत नाही. आणि तोच प्रश्न त्या सकाळी मीच विचारत होते!

पण दोन्हींत फरक आहे, तोही नीट पाहू या. बाई गप्प राहते कारण तिच्या हातात सत्ता नसते. पंचाच्या हातात शिट्टी असते. म्हणून पंचांना जाब विचारायलाच हवा. मात्र प्रश्न बदलायला हवा. "शेवटी का दिला?" असं न विचारता "आधी का सोडला?" असं विचारायला हवं. पहिल्या मिनिटापासून एकच माप लावलं असतं, तर चाळिसाव्या मिनिटाला कोणाला धक्का बसला नसता.

आणि जाब फक्त त्या तीन पंचांना विचारून भागणार नाही. ही स्पर्धा एनसीएए १९८२ पासून भरवते. पण महिलांच्या आणि पुरुषांच्या स्पर्धेतल्या पंचांना समान मानधन मिळू लागलं ते २०२२ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी! ज्यांनी इतकी वर्षं हा खेळ दुय्यम मानला, त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. उलट गॅबी मार्शलला इतके शिव्याशापांचे संदेश आले की तिने इन्स्टाग्रामवरचं खातं बंद केलं. जिच्यावर फाऊल झाला, तिलाच शिक्षा! ही रीत आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

ब्यूकर्सने मात्र सांगितलं की एका खेळीवर सामना हरत नाही. हरलेल्या मुलीकडचं हे शहाणपण आम्हा चाहत्यांना उशिरा सुचतं.

आपणही गटांमध्ये निवाडे करतो. सभासदांचे हप्ते, नवरा-बायकोची भांडणं, पदांची वाटणी. त्या त्या वेळी वाईटपणा नको म्हणून आपण किती शिट्ट्या गिळतो? आणि मग एक दिवस एकीवरच नियम लावतो, तेव्हा तिला तो अन्याय वाटतो. या शिबिरातून परत जाताना प्रत्येकीने आपल्या गटातली अशी एक गिळलेली शिट्टी आठवावी, आणि पुढच्या बैठकीत ती वेळेवर वाजवावी, एवढीच विनंती.