नभोवाणीवरील ग्रंथकार आणि आपली ज्ञाती
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)

सन्माननीय अध्यक्ष महाशय, ज्ञातिबंधू आणि भगिनींनो,

ग्रंथ विकत घेणारा मनुष्य ग्रंथकाराला बहुधा आधीच अर्धा अनुकूल असतो. नभोवाणीचे तसे नाही. तेथे उच्चारलेला शब्द प्रतिकूल माणसाच्याही माजघरात शिरतो, आणि ज्याला आपण उंबरठ्याच्या आत घेतले नसते त्याचा आवाज आपल्या दिवाणखान्यात बसून बोलू लागतो. म्हणूनच धर्म, समाज व जगाचे राजकारण यांविषयी ग्रंथकारांनी नभोवाणीवर जे सांगितले, त्याचा विचार आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने करणे आम्हांस अगत्याचे वाटते. उदाहरण एकच घेतो, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे.

आपल्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, हैदराबाद संस्थानच्या काळचे नभोवाणी केंद्र होते. १ एप्रिल १९५० रोजी ते ऑल इंडिया रेडिओच्या हाती आले आणि १९५३ मध्ये बंद झाले. सबब ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान नभोवाणीवरून सांगितले, तेव्हा ते येथे ऐकावयाचे तर दूरच्या केंद्रावर काटा लावून, खरखर सोसून ऐकावे लागणार. शिवाय भाषण इंग्रजीत. ते घरोघरी पोहोचले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पुढे ते छापले गेले, मराठीत आले, आणि आज कोणालाही वाचता येते.

त्या छोट्या भाषणाचा आशय असा : स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत आपले तत्त्वज्ञान सामावते, परंतु ते फ्रेंच राज्यक्रांतीतून उसने घेतलेले नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतलेले आहे. स्वातंत्र्य व समता यांना कायद्याचे संरक्षण मिळते, पण कायदा मोडणारा मनुष्य निघतोच. खरे संरक्षण बंधुतेचे, आणि बंधुता हेच धर्माचे दुसरे नाव. घटना-मसुदा समितीच्या अध्यक्षाने कायद्याची मर्यादा अशी उघड सांगावी, यास आम्ही फार मोठी गोष्ट समजतो.

१९५५ मध्ये बी.बी.सी.साठी फ्रान्सिस वॉटसन यांनी गांधीजींविषयी त्यांची मुलाखत घेतली. ती ध्वनिमुद्रित असल्याने आजही ऐकता येते. आपण गांधीजींना नेहमी प्रतिपक्षी या नात्याने भेटलो, म्हणूनच इतरांपेक्षा अधिक ओळखले, असे ते तेथे सांगतात. त्यांची मते सर्वांना पटणारी नाहीत, आणि आम्हांसही सगळी पटत नाहीत. पण लेखात टाळता येतो तसा प्रश्न संवादात टाळता येत नाही, आणि बाबासाहेब तो टाळतही नाहीत. पुढे मे १९५६ मध्ये त्याच बी.बी.सी.वरून त्यांनी बौद्ध धर्म आपणांस का प्रिय आहे ते सांगितले. प्रज्ञा, करुणा व समता ही तीन तत्त्वे मांडून, साम्यवादाकडे ओढल्या जाणाऱ्या आग्नेय आशियातील बौद्ध देशांना त्यांनी आपल्याच धर्माकडे पुन्हा पाहण्यास बजावले. त्यानंतर १४ ऑक्टोबरला नागपूरची दीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला ते गेले.

प्रश्नोत्तराची ही परंपरा आपल्या शहराला नवी नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी बसवली. त्या महाविद्यालयास मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसरास नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा, नागसेन भिक्षू. वाद करावयाचा तर पंडितांसारखा करू, राजांसारखा नव्हे, ही अट नागसेनाने आधी घातली. कारण पंडित खोडून काढल्यास रागावत नाहीत, राजा मात्र शिक्षा फर्मावतो. ही कथा आपल्यापैकी कितीजण त्या रस्त्याने जाताना आठवतात, हे विचारण्याचा मोह आम्ही आवरतो.

आता आपल्याकडे वळू. ‘ज्ञातिबंधू’ हे संबोधन आम्ही आरंभी योजले, कारण ती रीत आहे. परंतु बाबासाहेबांची बंधुता आणि आपल्या संबोधनातील बंधुत्व यांत अंतर आहे. एकीला कुंपण नाही, दुसऱ्याचा जन्मच कुंपणातून झाला. वसतिगृह, शिष्यवृत्ती, रुग्णसाहाय्य ही आपल्या संस्थेची कामे चांगली आहेत, ती कोणी बंद करा असे आम्ही म्हणत नाही. वसतिगृहात अन्य समाजाचा एखादा विद्यार्थी ठेवण्यास तर फारसा विरोधही होणार नाही. अडचण विवाहाशी आहे, आणि आपणा सर्वांस ती ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात आंतरजातीय विवाहावर बोट ठेवले ते उगीच नव्हे. नभोवाणी ऐकताना मान डोलावणारे आपले वडीलधारे मुलीच्या पसंतीचे स्थळ परज्ञातीय निघताच मौन धरतात. हे आम्ही निंदा म्हणून नव्हे, तर वस्तुस्थिती म्हणून सांगतो. त्या मौनाची किंमत मुलगी भरते.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर प्रतिवर्षी वधूवरांची सूची असते आणि तिच्या माथ्यावर ‘केवळ ज्ञातीतील स्थळांसाठी’ असे छापलेले असते. ती ओळ पुढील अंकापासून गाळावी, आणि जी मुलेमुली अन्य समाजातील स्थळास तयार असतील त्यांना तसे नमूद करण्याची मोकळीक असावी, असा लेखी ठराव आम्ही आज कार्यवाहांकडे दिला आहे. त्यास दोन भगिनींचे अनुमोदन आहे. तो वार्षिक सभेपुढे येईल, तेव्हा ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो अवश्य उभे राहून बोलून दाखवावा.